जनरेटरचं अर्थिंग: खड्ड्यापेक्षा तार महत्त्वाची

जनरेटर बसवला की शेजारी खड्डा घेऊन रॉड किंवा प्लेट पुरायची, तिथून एक जाड तार आणून जनरेटरच्या बॉडीला आवळायची आणि ‘अर्थिंग झालं’ म्हणायचं. बरेच जण इथेच थांबतात. रॉड लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण एखाद्या यंत्राच्या बॉडीत वीज उतरली, तर एमसीबी (जास्त करंटला आपोआप वीज तोडणारा स्विच) पाडण्याचं काम तो रॉड जवळजवळ कधीच करत नाही. ते काम करतात दोन गोष्टी: यंत्रापासून जनरेटरपर्यंत सलग आलेली हिरवी तार, म्हणजे अर्थची तार, आणि न्यूट्रलला (करंट परत आणणाऱ्या तारेला) बॉडीशी जोडणारी एक छोटीशी पट्टी. ती पट्टी कुठे असावी आणि कुठे मुळीच असू नये, यावर सगळी सुरक्षितता अवलंबून आहे.

करंट जातो कुठे?

‘करंट जमिनीत जातो’ हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की जमीन म्हणजे वीज गिळून टाकणारी तळ नसलेली विहीर आहे असं वाटायला लागतं. तसं नाही. जनरेटरच्या वाइंडिंगच्या (वीज तयार करणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) एका टोकातून निघालेल्या करंटला त्याच वाइंडिंगच्या दुसऱ्या टोकाशी परत यायचं असतं. परतीची वाट पूर्ण नसेल तर तो निघतच नाही. जमीन हा त्या वाटेवरचा एक तुकडा असू शकते, शेवटचं ठिकाण नव्हे.

हे आकड्यांत बघू. जनरेटरवर एक पंप चालतो आहे. पंपाच्या आत इन्सुलेशन खराब होऊन फेज बॉडीला टेकला. पंपाशेजारी एक रॉड आहे, तो पंपाच्या बॉडीला जोडलेला. जनरेटरशेजारी दुसरा रॉड आहे, तो जनरेटरच्या न्यूट्रलला जोडलेला. दोघांच्या मध्ये तार नाही, फक्त माती. दोन्ही रॉडचा रोध 5-5 ओहम धरू. हा वाईट आकडा नाही, पुष्कळ जमिनींत तो मिळवायलाही घाम गाळावा लागतो. वाटेतला एकूण रोध झाला 10 ओहम. 230 व्होल्टला 10 ने भागलं की 23 अँपिअर. लाइनवर 32 अँपिअरचा एमसीबी असेल तर त्याच्या दृष्टीने हा साधा लोड आहे. तो दिवसभर पडणार नाही. आणि पंपाची बॉडी? 23 गुणिले 5, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 115 व्होल्टवर. ओल्या पायांनी त्या पंपाला हात लावणाऱ्याला वाचवणारं तिथे काहीच नाही. दोन्ही रॉड अगदी चांगले असूनही.

आता याच पंपाच्या बॉडीपासून जनरेटरपर्यंत तांब्याची तार ओढा आणि जनरेटरपाशी न्यूट्रल व बॉडी एकमेकांना जोडा. फेजची तार, बिघाडाची जागा, हिरवी तार आणि ती पट्टी मिळून पूर्ण फेऱ्याचा रोध समजा अर्धा ओहम आला. 230 भागिले अर्धा, म्हणजे 460 अँपिअर. हा करंट मिळाला तर एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. (‘मिळाला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण जनरेटर काही ग्रिड नाही. त्याकडे पुढे येऊ.)

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत एक नियम आहे: एका रॉडचा रोध 25 ओहमपेक्षा जास्त भरला तर दुसरा रॉड जोडा. आता 120 व्होल्टला 25 ने भागून बघा. पाच अँपिअरसुद्धा होत नाहीत, म्हणजे 15 अँपिअरच्या ब्रेकरला त्याची चाहूलही लागणार नाही. ब्रेकर पाडण्याची जबाबदारी रॉडवर टाकायची असती तर संहितेत असा आकडा आला नसता.

मग रॉडचं काम काय? आसपास वीज कोसळली किंवा वरची उच्चदाबाची लाइन तुटून खालच्या तारांवर पडली, तर तो ताण जमिनीत उतरवायचा, आणि एरवी सगळ्या यंत्रणेचं व्होल्टेज पायाखालच्या जमिनीच्या आसपास धरून ठेवायचं. ही कामं खरी आहेत. फक्त आपण त्याच्यावर जे तिसरं काम लादतो, ते त्याला झेपत नाही.

धातूला धातूशी जोडणं

मातीशी जोडणं हे अर्थिंग. जवळपासचे सगळे धातूचे भाग तारेने एकमेकांशी पक्के जोडणं हे बाँडिंग. बॉडी, कॅनॉपी, इंधनाची टाकी, सायलेन्सरचा पाइप, कंट्रोल पॅनेल, चेंजओव्हरचा (मेन की जनरेटर हे निवडणाऱ्या स्विचचा) डबा हे सगळे एकाच व्होल्टेजवर असले, तर एकाला डावा आणि दुसऱ्याला उजवा हात लावणाऱ्याला झटका बसत नाही. शिवाय बिघाडाच्या करंटला परतीची मोकळी वाट मिळते.

इथे एक जागा हमखास सुटते. इंजिन आणि अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) रबरी पॅडवर बसवलेले असतात, थरथर खालच्या चेसिसमध्ये उतरू नये म्हणून. रबर कंपन अडवतं आणि वीजही अडवतं. अर्थची तार चेसिसला आवळली आणि अल्टरनेटर वर रबरावर तरंगत राहिला, तर त्या दोघांमध्ये विजेचं खात्रीचं नातं उरत नाही. कुठल्यातरी बोल्टमधून किंवा पाइपमधून योगायोगाने जोडणी होते, पण योगायोगावर 300-400 अँपिअर सोपवायचे नसतात. म्हणून पॅडला वळसा घालून तांब्याची विणलेली लवचिक पट्टी टाकतात, तीही थोडी ढिली. घट्ट ओढलेली किंवा सरळ कडक पट्टी थरथरीने थकते आणि लगच्या (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) मानेपाशी तडकते.

दुसरी जागा म्हणजे रंग. कारखान्यातून आलेल्या चेसिसवर पावडर कोटिंगचा जाड थर असतो. त्यावर लग ठेवून नट कितीही आवळला तरी खाली रंगच राहतो. तेवढी जागा चकचकीत होईपर्यंत खरवडायची, दातेरी वॉशर घालायचा, लग आवळायचा, आणि मग गंज चढू नये म्हणून वरून रंग किंवा ग्रीस लावायचं. जोड तपासताना मल्टिमीटरच्या ‘बीप’वर विसंबू नका. वीसतीस ओहम असले तरी पुष्कळ मीटर खुशाल बीप देतात, आणि तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी देतात. कमी रोध मोजणारा टेस्टर घेतला तर खरं काय ते कळतं.

तारेच्या जाडीचा हिशोब सोपा आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60364 प्रमाणे, दोन्ही तारा एकाच धातूच्या असतील तर फेजची तार 16 चौरस मिलिमीटरपर्यंत असताना अर्थची तारही तेवढीच. फेज 16 ते 35 असेल तर अर्थ 16. त्यापुढे फेजच्या निम्मी.

गाठ एकच, दोन नाहीत आणि शून्यही नाही

न्यूट्रल आणि अर्थ यांना जोडणारी पट्टी चालू यंत्रणेत एकाच ठिकाणी असायला हवी. यातला ‘एकाच’ हा शब्द सगळ्यात जास्त तुडवला जातो.

ती दोन ठिकाणी असली तर काय होतं? न्यूट्रलमधून परतणाऱ्या रोजच्या, बिनबिघाडाच्या करंटला दोन वाटा मिळतात: एक न्यूट्रलची तार, दुसरी अर्थची तार. तो दोन्हींतून वाटून जातो. म्हणजे जी तार एरवी कोरडी असायला हवी, तिच्यातून आणि तिला जोडलेल्या पाइपांतून आणि डब्यांतून सतत करंट वाहत राहतो. आरसीसीबी हा करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच; तो गेलेला आणि आलेला करंट ताडून बघतो. आलेल्यातला काही बाहेरून वळला की तो विनाकारण पडायला लागतो. मग वैतागलेला माणूस आरसीसीबीच काढून टाकतो. याहून वाईट म्हणजे न्यूट्रल कुठे तुटला तर पूर्ण लोडचा करंट हिरव्या तारेतून वाहतो, सगळं व्यवस्थित चालू दिसतं, आणि कुणाला पत्ता लागत नाही.

ती कुठेच नसली तर? अशा जनरेटरला तरंगत्या न्यूट्रलचा जनरेटर म्हणतात. फेज बॉडीला टेकला तरी काही घडत नाही, कारण परतीची वाटच नाही. ऐकायला हे छान वाटतं. पण तो पहिला बिघाड तसाच दडून बसतो, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या यंत्रात दुसऱ्या तारेचा बिघाड झाला की दोन यंत्रांच्या बॉडींमध्ये पूर्ण 230 किंवा 400 व्होल्ट उभे राहतात.

तरंगत्या जनरेटरवर आरसीसीबीही त्या पहिल्या बिघाडाला हलत नाही. तरीही त्याचं टेस्टचं बटण दाबलं की तो फटकन पडतो! कारण ते बटण अर्थची तार वापरतच नाही. ते आतल्या एका रोधातून फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, संवेदकाच्या कडेने, थोडा करंट वळवतं. म्हणजे बटण आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, तुमचं अर्थिंग नाही. ‘बटण दाबून बघितलं, सगळं ठीक आहे’ हे वाक्य जनरेटरच्या बाबतीत म्हणून निरर्थक आहे.

हातात उचलून नेण्याचे छोटे जनरेटर, विशेषतः इन्व्हर्टर प्रकारचे, मुद्दाम तरंगते ठेवलेले असतात. त्याच्या सॉकेटला थेट एकच यंत्र लावून वापरायचं असेल तर ती चांगली रचना आहे, रॉडचीही गरज नसते. तोच जनरेटर पूर्ण घराच्या वायरिंगला जोडला की हिशोब बदलतो.

आधी चेंजओव्हर उघडून बघा

पट्टी जनरेटरपाशी हवी की नको, याचं उत्तर जनरेटरमध्ये मिळत नाही. ते चेंजओव्हर स्विचमध्ये मिळतं. प्रश्न एकच: हा स्विच न्यूट्रलही तोडतो का?

जितक्या तारा स्विच तोडतो तितके त्याचे पोल. सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा स्विच असेल, तर तो फेजबरोबर न्यूट्रलही बदलतो. जनरेटर चालू असताना मेनच्या न्यूट्रलशी त्याचा संबंध राहत नाही. तो स्वतंत्र स्रोत झाला. म्हणून न्यूट्रल-अर्थची पट्टी जनरेटरपाशी हवीच, आणि त्याला रॉडही हवा.

स्विच सिंगल फेजला एक पोलचा किंवा थ्री फेजला तीन पोलचा असेल, तर न्यूट्रल आरपार जोडलेलाच राहतो. मेनकडे जी न्यूट्रल-अर्थची गाठ आहे, तीच जनरेटरलाही लागू होते. इथे जनरेटरमधली पट्टी काढायची, नाहीतर गाठी दोन होतात. मात्र हिरवी तार जनरेटरच्या बॉडीपासून मुख्य अर्थ टर्मिनलपर्यंत गेलीच पाहिजे. पट्टी काढा म्हटलं की काही जण तारही काढतात. ती दोन्ही स्थितींत लागते. जनरेटर कारखान्यातून पट्टीसह आला आहे की पट्टीविना, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि दोन्ही प्रकार बाजारात आहेत.

आता एक अडचण. मेनकडची गाठ नेमकी कुठे आहे? काही पुरवठा पद्धतींत ती ग्राहकाच्या मुख्य पॅनेलमध्येच असते. काहींत ती दूर ट्रान्सफॉर्मरपाशी असते आणि ग्राहकाकडे फक्त स्वतःचा रॉड असतो. दुसऱ्या प्रकारात तीन पोलचा स्विच लावला, तर तुमच्या जनरेटरची सुरक्षा वीज कंपनीच्या न्यूट्रलच्या तारेवर टांगलेली राहते. वादळात तीच तार तुटली म्हणून वीज गेली असेल तर? जनरेटर तर नेमका तेव्हाच चालू करणार. ब्रिटनचे वायरिंग नियम, बीएस 7671, म्हणूनच सांगतात की जनरेटर मेनच्या जागी चालत असताना बिघाडापासूनचं संरक्षण सार्वजनिक पुरवठ्याच्या अर्थिंगवर अवलंबून असू नये. माझं मतही तेच: निवड हातात असेल तर न्यूट्रल तोडणारा स्विच, जनरेटरपाशी पट्टी आणि स्वतःचा रॉड. थोडा खर्च वाढतो, पण आपलं संरक्षण आपल्या आवारात राहतं.

चार पोलच्या स्विचलाही एक अट आहे. न्यूट्रलचा पोल सगळ्यांत आधी जुळला पाहिजे आणि सगळ्यांत शेवटी तुटला पाहिजे, किंवा निदान फेजबरोबर. थ्री फेजमध्ये न्यूट्रल क्षणभर आधी सुटला तर ज्या फेजवर लोड कमी आहे तिथलं व्होल्टेज 230 वरून 400 च्या दिशेने चढतं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू जळतात. तयार मिळणाऱ्या चार पोलच्या स्विचमध्ये ही काळजी घेतलेली असते. तीन पोलच्या स्विचशेजारी न्यूट्रलसाठी वेगळा सुटा स्विच बसवण्याच्या जुगाडात ती नसते.

आणि चेंजओव्हरच नसेल, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवायचं असेल, तर अर्थिंगची चर्चा थांबवा आणि आधी ती वायर कापून टाका. तुमचे 230 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन लाइनवर हजारो व्होल्ट होतात, आणि तिथे कुणीतरी खांबावर काम करत असतो.

जनरेटर म्हणजे ग्रिड नव्हे

वर 460 अँपिअर मिळाले तर, असं म्हटलं होतं. ग्रिडकडून ते सहज मिळतात. 10 केव्हीएचा सिंगल फेज जनरेटर घ्या. त्याचा पूर्ण लोडचा करंट सुमारे 43 अँपिअर. शॉर्ट झाल्यावर पहिल्या काही आवर्तनांत तो बऱ्याच पट करंट फेकतो, पण तो झपाट्याने उतरतो. एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) जर त्याच वाइंडिंगवर जगत असेल, तर शॉर्टमुळे व्होल्टेज कोसळतं, व्होल्टेज कोसळलं की एक्सायटेशन (जनरेटरमध्ये चुंबकत्व आणणारा करंट) कोसळतं आणि जनरेटर हात टेकतो. एव्हीआरला स्वतंत्र कायमचुंबकी जनित्र किंवा सहायक वाइंडिंग असेल तर साधारण तिप्पट करंट काही सेकंद टिकतो. आपल्या उदाहरणात 130 अँपिअर.

आता सी प्रकारचा 32 अँपिअरचा एमसीबी लगेच पडण्यासाठी 5 ते 10 पट, म्हणजे 160 ते 320 अँपिअर मागतो. जनरेटर ते टिकवू शकत नाही. मग एमसीबीचा फक्त तापून पडणारा भाग उरतो, आणि त्याला कित्येक सेकंद लागतात. आयईसीच्या हिशोबात, बिघाडाचा करंट धातूच्या वाटेने परतणाऱ्या 230 व्होल्टच्या यंत्रणेत अशी उपलाइन 0.4 सेकंदांत तुटायला हवी. म्हणजे तार नीट, पट्टी नीट, आणि तरीही वेळ पाळली जात नाही. ग्रिडवर वर्षानुवर्षं बरोबर पडणारा एमसीबी जनरेटरवर निरुपयोगी ठरू शकतो, ही बाब आराखडा करतानाच बघावी लागते.

यावर साधा उपाय म्हणजे आरसीसीबी. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला पडायला शेकडो अँपिअर लागत नाहीत. पण त्यालाही परतीची वाट लागते, म्हणजे पुन्हा तीच पट्टी आणि तीच हिरवी तार. आणि तो पट्टीच्या पुढे, लोडच्या बाजूला बसवायचा. आरसीसीबीनंतर न्यूट्रल आणि अर्थ पुन्हा कुठे जोडला गेला तर तो टिकणार नाही.

रॉडबद्दल थोडं

जनरेटरचा रॉड इमारतीच्या अर्थिंगपासून ‘वेगळा आणि स्वच्छ’ ठेवण्याची एक आवड दिसते. ती सोडा. दोन रॉड एकमेकांशी जोडलेले नसतील आणि जवळपास वीज कोसळली, तर दोघांच्या व्होल्टेजमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक तुमच्या यंत्रांतून वाट काढतो. रॉड कितीही असोत, सगळे मुख्य अर्थ टर्मिनलला तारेने बांधलेले हवेत. रोध मोजायचा तर तीन खुंट्यांच्या पद्धतीने, आणि तोही कोरड्या मोसमात, कारण ओल्या मातीतला आकडा फसवा असतो.

तपासायचं कसं

ही कामं परवानाधारक इलेक्ट्रिशियनचीच, पण काय बघितलं जातं ते ठाऊक असलेलं बरं. जनरेटर बंद, बॅटरी काढलेली, लोडच्या तारा सोडवलेल्या; मग न्यूट्रल आणि बॉडी यांच्यामध्ये रोध मोजायचा. शून्याच्या जवळ आला तर पट्टी आहे, मीटर काहीच दाखवत नसेल तर नाही. चालू जनरेटरवर डिजिटल मीटरने फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन्हीकडे साधारण शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसले, तर जनरेटर तरंगता आहे. तो आकडा फिल्टरच्या (विजेतला गोंगाट गाळणाऱ्या भागाच्या) कपॅसिटरमधून येतो.

दोन गाठी पकडायला क्लॅम्प मीटर पुरतो. जनरेटरवर चांगला लोड टाकून हिरव्या तारेभोवती क्लॅम्प लावायचा. फिल्टरमुळे येणारे काही मिलिअँपिअर सोडले तर तिथे शून्य दिसायला हवं. दोन-चार अँपिअर दिसले तर कुठेतरी दुसरी पट्टी आहे: जनरेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, सब-पॅनेलमध्ये, किंवा कुणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळून ठेवलेत.

काम संपल्यावर चेंजओव्हरच्या दारावर आणि जनरेटरच्या टर्मिनल बॉक्सवर एक चिठ्ठी चिकटवा: न्यूट्रल-अर्थची पट्टी जनरेटरपाशी आहे की काढली आहे, आणि स्विच किती पोलचा आहे. काही वर्षांनी स्विच जळतो, मिळेल तो दुसरा बसवला जातो, चारचे तीन पोल होतात किंवा तीनचे चार. पट्टी मात्र जुन्या जागी तशीच राहते, आणि दिवे लागतात म्हणून कुणी टर्मिनल बॉक्स उघडून बघत नाही.